स्वतःहून सोडलेलं काम

रॅफल्स प्लेसच्या एका ऑफिसात मी पॅन्ट्रीचं काम करायचे. सकाळी कॉफीचं मशीन धुऊन भरायचं, कप मांडायचे, मीटिंगच्या खोल्यांत पाणी आणि बिस्किटं ठेवायची, मीटिंग संपली की उष्टे कप गोळा करायचे. ऑफिस बँकेचं होतं, पण मी बँकेची नव्हते. साफसफाईचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीची होते. त्यामुळे तिथली माणसं मला फारशी ओळखत नव्हती आणि मला ते सोयीचं होतं. कुणी आत आलं की मी सिंककडे तोंड करून कप विसळायला लागायचे. ते आपली कॉफी घेऊन जायचे.

आमचे हे विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत टेक्निशियन होते. त्यांच्यामुळे आम्ही सिंगापूरला आलो आणि पुढे इथलेच नागरिक झालो. बुकित पंजांगचा फ्लॅट त्यांनी हयात असतानाच फेडला. ते गेले तेव्हा मुलगी शिकत होती, म्हणून मी कामाला लागले. आता मुलगी नर्स आहे. नवरा आणि तान्ह्या बाळासोबत बिशानला राहते.

बाळ झाल्यापासून तिचं म्हणणं होतं की मी माझा फ्लॅट भाड्यानं देऊन तिच्याकडे राहायला यावं. बाळ पाळणाघरात जायचं, ते तिला आवडत नव्हतं. मी दर वेळी काहीतरी सांगायचे. आता ऑफिसात माणसं कमी आहेत, रजा मिळत नाही. आता पाय दुखतोय. आता पावसाचे दिवस आहेत, सामान भिजेल. खरं कारण एवढंच होतं की मला माझ्या घरात आणि माझ्या पैशांत राहायचं होतं. पण हे काही आजारपण नाही की अडचण नाही. असलं कारण लेकीला सांगता येतं असं मला वाटायचं नाही.

मग ऑफिसातली माणसं घरून काम करायला लागली. सोमवारी आणि शुक्रवारी तर मजला रिकामाच. बोट लावलं की कॉफी देणारं नवं मशीन आलं. आधी माझे शुक्रवार गेले, मग सोमवार, मग दुपारनंतरचे तास. पुढे पुढे सकाळी फोनवर सुपरवायझरचा निरोप यायचा, "आंटी, आज नको." कधी कधी तो मी गाडीत बसल्यावर यायचा. मी पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचे. पगार तासांवर होता. वीज, पाणी, फ्लॅटचा देखभालीचा खर्च भागेना. ह्यांच्या वेळेपासूनचं थोडं साठवलेलं होतं, त्याला हात लावायला लागला.

शेवटी मी सुपरवायझरला सांगितलं की मला काम सोडायचं आहे.

सुपरवायझर चिनी बाई होती, माझ्याहून बरीच लहान. बोलायला फटकळ, पण वाईट नव्हती. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, इथे मी मराठीत लिहिते, फक्त इथले लोक वाक्याला जोडतात ते 'लाह' तसंच ठेवते. तिनं विचारलं, "का आंटी?"

मी म्हटलं, "घरचं कारण आहे."

मी ज्या घरात वाढले तिथे ताटात कमी पडलं तरी मागायची रीत नव्हती. वाढणारीनं विचारलं की "पोट भरलं" म्हणायचं. मग ती "घे गं, अर्धी तरी घे" म्हणते. आपण पुन्हा नको म्हणतो. ती पुन्हा आग्रह करते. तिसऱ्या वेळेला भाकरी घेतली तर कुणी हावरट म्हणत नाही. कामाच्या बाबतीतही माझ्या मनात तसंच काहीतरी होतं. ती म्हणेल, घरचं काय कारण? खरं सांगा. तास कमी झाले म्हणून का? मग मी हळूच हो म्हणेन.

लेकीला बाळ झाल्याचं तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "बाळासाठी ना? छान लाह आंटी. काँग्रॅच्युलेशन्स."

पुढे तिनं काही विचारलं नाही. फोनवर काहीतरी टाइप केलं आणि मला कुठे अंगठा लावायचा ते दाखवलं.

शेवटच्या दिवशी मी बेसनाचे लाडू करून नेले. वरच्या मजल्यावर काम करणारी मलाय बाई म्हणाली, "हे काय, दिवाळी दोनदा?" मी म्हटलं, "नाही, मी चालले." ती म्हणाली, "मग मी पण जाते, मला पण कुणीतरी लाडू करा." सुपरवायझरनं सगळ्यांना गोळा करून फोटो काढला. कंत्राटदार कंपनीचे साहेब त्या दिवशी आले होते, तेही फोटोत उभे राहिले. मी मधे डबा धरून उभी आहे आणि हसते आहे.

मुलीला मी दोन आठवड्यांनी सांगितलं. तिला आनंद झाला. म्हणाली, "शेवटी. आता सामान आवर."

मी म्हटलं, "दुसरं काम बघते."

मुलगी माझी हट्टी आहे, पण न्यायाला धरून वागते. तिनंच सांगितलं की नोकरी गेलेल्यांना सरकार काही महिने पैसे देतं, दुसरी नोकरी शोधेपर्यंत. तिच्या हॉस्पिटलमधल्या एका अटेंडंटला मिळाले होते. ती म्हणाली, "आपण अर्ज करू. मिळाले तर तू तुझं काम शोध, मी काही बोलणार नाही. नाही मिळाले तर बिशानला यायचं. डील?"

मी हो म्हणून मान हलवली.

अर्ज फोनवरच होता, तो तिनं भरला. मग एक दिवस आम्हाला बोलावलं. मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या आणि वर पडद्यावर नंबर सरकत होते. शेजारी टाय लावलेला माणूस मांडीवर फाइल घेऊन बसला होता. नोकरी गेलेले लोक असे नीटनेटके असतील असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या टेबलाशी तरुण अधिकारी होता. मला बघून तो आधी तमिळ बोलला. मी नाही म्हणून मान हलवली तेव्हा सावकाश इंग्रजी बोलायला लागला. त्यानं विचारलं, "आंटी, कंपनीनं तुम्हाला जा म्हणून सांगितलं का?"

मुलीनं टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला.

मी म्हटलं, "नाही."

"मग तुम्ही स्वतःहून सोडलं?"

"हो."

"कारण काय दिलं?"

"घरचं."

मुलगी मधे पडली. तिनं तास कसे कमी झाले ते भराभर सांगितलं. माझ्या हातातून फोन घेऊन तिनं सुपरवायझरचे निरोप त्याच्यापुढे धरले. तो बोटानं एकेक वर सरकवत वाचत होता. आंटी, आज नको. खाली माझं उत्तर, ओके थँक्यू, आणि जोडलेले हात. आंटी, उद्या नको, परवा फक्त सकाळी. ओके थँक्यू, जोडलेले हात. असं बरंच खाली जात होतं. त्यानं चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. तो हसला नाही, पण त्याला हसू येत असावं.

तो म्हणाला, "तास कमी केल्यामुळे तुम्हाला सोडावं लागलं, असं कंपनीनं लिहून दिलं तर मी पुढे पाठवतो. मग वरचे लोक ठरवतील. आत्ता जे आहे त्यात तुम्ही खुशीनं गेलात असं दिसतं."

परत येताना मुलगी रस्ताभर रागात होती. "आई, साधा प्रश्न होता. हो म्हणायचं."

"त्यांनी जा म्हटलं नव्हतं."

"सेम थिंग लाह. तू राहू शकणार नाहीस असं केलं ना त्यांनी?"

"पण म्हटलं नव्हतं."

"आणि थँक्यू कशाबद्दल? एकदा तरी 'व्हाय' विचारायचं."

"मग काय लिहायचं? ती बिचारी सकाळी उठून कळवत होती."

मुलीनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "तू हरलीस तर माझा फायदा आहे, माहितीये ना? तरी मी तुझ्या बाजूनं भांडतेय. आणि तू त्यांच्या." तिचं बरोबर होतं.

आता कंपनीकडून लिहून आणायचं होतं. मुलगी म्हणाली, मी ईमेल करते. तिनं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. त्यात अन्याय, दबाव असे शब्द होते. मी म्हटलं, हे पाठवू नकोस, मी जाऊन भेटते. मी असं म्हणाले याचं मलाच नवल वाटलं. पण त्या बाईनं ते शब्द वाचावेत आणि मग लाडवांचा फोटो बघावा, हे मला सहन होईना.

रॅफल्स प्लेसला पोचल्यावर कळलं की आता माझ्याकडे आत जायचं कार्ड नाही. मी खाली लॉबीत पाहुण्यांच्या सोफ्यावर बसले. इतक्या वर्षांत त्या सोफ्यावर मी पहिल्यांदाच बसले होते. तो बसायला खोल होता, उठताना त्रास झाला. सुपरवायझर खाली आली आणि मला मागच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, घेऊन गेली. तिनं दोघींसाठी चहा आणला.

"बाळ कसं आहे?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"बरं आहे."

"रात्री झोपू देतं का?"

"देतं," मी म्हटलं. मी त्या बाळाजवळ एकही रात्र काढलेली नव्हती.

मग ती दुसऱ्या लोकांच्या गोष्टी सांगायला लागली. मलाय बाईचे गुडघे, नव्या मशीनचा पाइप. चहा संपत आला. मला वाटलं आता ती उठेल, आणि ती उठली की मी घरी जाईन, आणि घरी गेले की बिशान. तेव्हा मी बोलले. "मला एक कागद पाहिजे. माझे तास कमी झाले, पैसे पुरेनात, म्हणून मी काम सोडलं, असा."

तिनं कप खाली ठेवला. "आंटी, तुम्ही तर बाळासाठी गेलात."

"नाही."

"मग तसं का सांगितलंत?"

"तसं सांगतात," मी म्हटलं.

ती म्हणाली, "साहेबांनी तुमचे लाडू घरी नेले. फोटो अजून ग्रुपवर आहे. आता मी लिहिलं की कंपनीमुळे तुम्ही गेलात, तर साहेब विचारतील, जिला ढकलून दिलं ती मिठाई वाटते का?"

"आमच्यात वाटतात."

"ढकलल्यावर?"

"निघताना. कसंही निघालं तरी."

ती हसायला लागली. "आमच्याकडे ढकललेला माणूस स्टेपलर उचलून नेतो." मलाही हसू आलं. मग ती गंभीर झाली. "तुम्ही एकदा म्हणाला असतात ना, पुरत नाही, तर मी तुम्हाला पलीकडच्या टॉवरमध्ये टाकलं असतं. तिथे तेव्हा पूर्ण दिवसाची बाई हवी होती."

ती खरं बोलत होती की नाही, मला कळलं नाही. आधी सांगितलं असतं तर केलं असतं, असं आमच्यातही म्हणतात.

मी विचारलं, "आता आहे का तिथे जागा?"

"आता भरली."

कागद मात्र तिनं दिला. माझे आधीचे तास आणि नंतरचे तास एवढंच त्यात लिहिलं. कारणाबद्दल लिहिणार नाही, ते रेकॉर्डमध्ये आधीच गेलंय, असं म्हणाली. निघताना तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि दुसरीकडे कुठे जागा निघाली तर कळवीन म्हणाली. अजून कळवलेलं नाही.

दुसऱ्यांदा मी त्या हॉलमध्ये एकटीच गेले. मुलीची ड्युटी होती. तोच अधिकारी होता. त्यानं कागद वाचला.

"तास कमी झाले हे बरोबर," तो म्हणाला. "पण सोडलं तुम्ही, आणि कारण घरचं दिलंत. ते कारण खोटं होतं का?"

मी त्याला आग्रहाचं सांगायचा प्रयत्न केला. तीन वेळा नको म्हणायचं असतं, वाढणारीनं विचारत राहायचं असतं, हे मला इंग्रजीत सांगता येईना. मी हातानं ताट दाखवलं, वाढून दाखवलं, नको नको करून दाखवलं. मागच्या रांगेतली बाई बघत होती. इतक्या लोकांत मी असे हातवारे कधी केले नव्हते.

त्याला कळलं. तो म्हणाला, "माझी आई पण अशीच. डॉक्टरनं विचारलं दुखतं का, तर नाही म्हणते, आणि बाहेर आल्यावर मला सांगते." मग त्यानं स्क्रीनकडे बोट केलं. "पण आंटी, यात त्यासाठी रकाना नाही." त्यानं अर्ज पुढे पाठवला. आशा ठेवू नका असं सरळ म्हणाला नाही, पण मला नोकऱ्यांच्या यादीत घालू का असं विचारलं. मी हो म्हटलं.

उत्तर काही दिवसांनी फोनवर आलं. मुलीनं वाचून दाखवलं. मी स्वतःहून नोकरी सोडलेली असल्यामुळे मदत मिळू शकत नव्हती. दाद मागायची सोय होती. मुलगी म्हणाली, "मागायची का?" मी नको म्हटलं. त्यांचं काही चुकलं आहे असं मला वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी मुलगी बाळाला पुढे बांधून आणि हातात घड्या केलेले खोके घेऊन आली. जावई खाली गाडीची व्यवस्था करत होता. तिनं स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. "हा कुकर नको, आमच्याकडे इंडक्शन आहे. तवा पण नको. मिसळणाचा डबा घे, नाहीतर तुझं चालणार नाही." ती एकेक भांडं उचलून दाखवत होती आणि मी हो, नको म्हणत होते. अर्धा खोका भरला. बाळ तिच्या छातीशी झोपलं होतं.

मी म्हटलं, "मी येत नाही."

तिनं वळून बघितलं. "पाय दुखतोय?"

"नाही."

"मग कुठे काम मिळालं?"

"नाही."

"मग?"

"मला यायचं नाही. मला इथे राहायचंय."

"आमच्याकडे काय त्रास आहे तुला? ह्यांनी काही म्हटलं?"

"काही त्रास नाही. जावई चांगले आहेत. मला माझ्या घरात राहायचंय, एवढंच."

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ ती बाळाच्या टोपीची गाठ सोडत आणि परत बांधत राहिली. मग म्हणाली, "आई, उत्तर आलं तेव्हा आम्ही पाळणाघराची जागा सोडली. तू येणार म्हणून. आता वेटिंग लिस्टला खाली." तिचा आवाज चढला नव्हता. "तू मान हलवलीस ना? मी धरून चालले."

मला ते माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बाळाला इकडे आणत जा. दिवसभर मी बघीन. संध्याकाळी घेऊन जा."

"रोज? बिशानहून?"

"रोज."

ती विचार करत होती. हॉस्पिटलच्या पाळ्या, जावयाची गाडी. मग सवयीनं म्हणाली, "ओके. पाळणाघराला देत होतो ते मी तुला देईन."

लेकीकडून पैसे कसले घ्यायचे, वेडी का खुळी, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते म्हटलं असतं तर तिनं एकदाच ऐकलं असतं आणि विषय संपला असता. ती इथेच वाढली आहे. मी म्हटलं, "दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू घेणार?"

"घेईन. पण दर महिन्याला, आणि वार ठरवून."

"माझ्याकडून," ती म्हणाली. जावई वर आला, त्यानं अर्धा भरलेला खोका बघितला आणि विचारलं, हा आधी खाली नेऊ का? मुलगी म्हणाली, "नो नीड लाह. काढा सगळं." दोघं जेवून गेले नाहीत. मी भांडी परत फडताळात लावली.

आता बाळ सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे असतं. पहिले काही दिवस मुलगी दारातूनच जायची. दूध किती, औषध केव्हा, हे मला इंग्रजीत सांगायची, जसं पाळणाघरातल्या बाईला सांगत असेल. मी सगळं ऐकून घ्यायचे. पैसे महिना संपला की खात्यात येतात. त्यातून माझं भागतं. विहारात वंदनेला गेले की बायका विचारतात, काकू, सध्या काय चाललंय, तेव्हा नातवंड सांभाळते म्हणते. पैसे घेते हे त्यांना सांगत नाही.

नोकऱ्यांच्या यादीतून दोनदा फोन आला. एक जागा फार लांब होती, दुसरी रात्रीची. पाळणाघरात बाळाचा नंबर लागला की हे कामही जाईल. म्हणून मी परवा मुलीला म्हटलं, नंबर लागला तर मला आधी सांग, ऐनवेळी नको.

ती बूट घालत होती. वर न बघता म्हणाली, "नोटीस पाहिजे? एक महिना?"

"एक महिना पुरे," मी म्हटलं.

"ओके, बॉस," असं म्हणून तिनं बाटल्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि लिफ्टकडे गेली.